घरच्या जेवणाची कॅलरी डायरी खरी कशी लिहायची? (तेलाचं काय करता?)

सांजवेळ

नमस्कार मंडळी. शुगर बॉर्डरला आली म्हणून डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय आणि आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलंय की जे पोटात जाईल ते सगळं डायरीत लिहा, कॅलरी, प्रोटीन, कार्ब, फॅट, सगळं. काटा आणला, ॲप घेतलं, लिहायला सुरुवात केली. माझा प्रश्न असा की बाहेरचं पाकीट असेल तर मागे छापलेलं असतं, पण आमचं नव्वद टक्के जेवण घरचं. स्वयंपाक सासूबाई करतात, त्यांचा हात पक्का, त्यामुळे फोडणीला तेल अंदाजाने. एका पातेल्यातून आम्ही पाच जण जेवतो. ॲपमध्ये 'कांदेपोहे एक प्लेट' शोधलं तर एक नोंद १८० कॅलरी म्हणते, दुसरी ३३०. ऑफिसच्या ग्रुपमध्ये सगळे १८० वाली निवडतात आणि मग महिन्याने म्हणतात वजन हलत का नाही.

मला खरं लिहायचंय. नाहीतर एवढा खटाटोप करायचाच कशाला? तुम्ही लोक घरच्या भाजी-आमटीची नोंद कशी करता ते सविस्तर सांगा.

खटपट्या

तयार नोंदींच्या नादाला लागूच नका, त्या कुणीही टाकलेल्या असतात. पोह्यांचंच घ्या ना. एका माणसाला कोरडे पोहे ६० ग्रॅम म्हणजे साधारण २१० कॅलरी, शेंगदाणे १५ ग्रॅम म्हणजे ८५, तेल दोन छोटे चमचे म्हणजे ८०. झाले ३७५, वर खोबरं आणि शेव अजून धरलीच नाही. १८० मध्ये नुसते पोहेसुद्धा बसत नाहीत.

माझी पद्धत सांगतो. घरातल्या रोजच्या पातेल्यांचं रिकामं वजन एकदाच करून कागद फ्रिजला चिकटवलाय. स्वयंपाक करताना फक्त चार गोष्टी तोलायच्या: डाळ/धान्य कच्चं, तेल-तूप, दाणे-खोबरं, गूळ-साखर. पालेभाजी, टोमॅटो, कोथिंबीर यांच्यामागे लागायचं नाही, त्यात फारसं काही नसतं. भाजी झाली की पातेल्यासकट वजन, त्यातून पातेलं वजा.

उदा. कालचं वरण. तूरडाळ कच्ची १५० ग्रॅम (५१० कॅलरी, ३३ ग्रॅम प्रोटीन), तेल चार छोटे चमचे (१६० कॅलरी). एकूण ६७०. शिजून वरण भरलं ९०० ग्रॅम. माझी वाटी १८० ग्रॅमची, म्हणजे पाचवा हिस्सा. १३४ कॅलरी आणि साडेसहा ग्रॅम प्रोटीन. संपलं. पाणी कमी-जास्त झालं तरी हिशोब चुकत नाही कारण वाटा तयार वजनावर काढतोय.

तांबडा_रस्सा

आमच्या कोल्हापुरात कट वेगळा लिहायचा का रश्शात धरायचा? 😄

खटपट्या

@तांबडा_रस्सा वेगळाच लिहा! वर तरंगतं ते तेलच आहे. चमचाभर जास्त कट घेतला तर शंभरेक कॅलरी तिथेच गेल्या. पातेल्याच्या सरासरीत धरलं तर ज्याने कट घेतला त्याचा खालून रस्सा घेणाऱ्याच्या नावावर जातो.

तांबडा_रस्सा

म्हणजे घरात भांडणं लावणार तुम्ही. बरं, मस्करी राहू दे, मुद्दा पटला. मी कट शेवटी घेणारा माणूस, माझ्या वाट्याला खरंच जास्त येतो.

बाळूकाका

मी ६८ वर्षांचा आहे. आमच्या आईने कधी काटा पाहिला नाही, तेलाचा कावळा असायचा आणि त्यातून धार धरायची. कुणी जाड नव्हतं. दोन घास कमी खा, संध्याकाळी चालायला जा. अन्न पानात आल्यावर ते तोलत बसणं मला काही बरं वाटत नाही.

मीठभाकर

बाळूकाका, तुमच्या आईचा काटा म्हणजे रेशनचं तेल होतं, महिन्याला ठरलेलं यायचं आणि पुरवून वापरायला लागायचं. आता पाच लिटरचा कॅन येतो आणि संपला की फोनवर दुसरा.

मी स्वतः जिममध्ये ट्रेनर आहे (सातारा), लोकांच्या डायऱ्या रोज बघतो म्हणून सांगतो. खोटं कुणी ठरवून लिहीत नाही हो. पण ठराविक जागा आहेत जिथे नोंद गळते. एक म्हणजे तेल-तूप. दुसरं, चहा. दिवसाचे चार कप, कपात दोन चमचे साखर, म्हणजे नुसत्या साखरेच्या दीडशे कॅलरी आणि दूध वेगळं, आणि डायरीत 'चहा' असा एकच शब्द. तिसरं, पोरांच्या ताटातलं उरलेलं. चौथं शनिवार-रविवार, दोन्ही दिवस कोरे. विचारलं तर म्हणतात सर बाहेर जेवलो, किती ते कळत नव्हतं म्हणून लिहिलंच नाही. अरे मग अंदाजे लिही! ९०० लिही, १००० लिही. कोरा दिवस ॲप धरतच नाही आणि आठवड्याची सरासरी मस्त १४०० दाखवते.

आणि भाकरी. ॲपमध्ये 'ज्वारीची भाकरी १' म्हणजे कुणाची भाकरी? आमच्याकडची एक भाकरी ६०-७० ग्रॅम पिठाची असते, म्हणजे २१० ते २४० कॅलरी. शहरातली नाजूक भाकरी तिच्या निम्मी. पीठ तोला, भाकऱ्या मोजा, भागा. पोळीचंही तेच, १०० ग्रॅम कणकेत चार होतात का पाच ते एकदा बघून ठेवा.

पथ्यपाणी

मी आहारतज्ज्ञ आहे, नागपूर. खटपट्या यांची पद्धत बरोबर आहे, त्यात दोन-तीन गोष्टी घालते.

कच्चं तोललं तर कच्च्याचीच नोंद निवडा. सगळ्यात मोठे घोळ इथे होतात आणि ते दोन्ही बाजूंनी होतात. तांदूळ कच्चा १०० ग्रॅम म्हणजे साधारण ३५० कॅलरी, शिजलेला भात १०० ग्रॅम म्हणजे १३० च्या आसपास. शिजलेला भात तोलून कच्च्याची नोंद निवडली तर बिचारा माणूस उपाशी राहतो. सोया चंक्सचं उलट: कोरड्यात शंभराला ५२ ग्रॅम प्रोटीन असतं. भिजवून वजन दुप्पट-तिप्पट होतं आणि मग लोक भिजवलेले १०० ग्रॅम खाऊन ५२ ग्रॅम प्रोटीन लिहितात.

आकडे कुठून घ्यायचे तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढलेत, आपले तांदूळ, डाळी, भाज्या, मासे सगळे त्यात आहेत. फक्त एक लक्षात ठेवा, त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलीय, ४.१८४ ने भागा. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, तांदळाला शंभराला चौदाशे-पंधराशे कॅलरी असतात म्हणून भात सोडून बसले होते.

आणि ॲपवर विश्वास ठेवण्याआधी स्वतः पडताळा घ्या. कार्ब गुणिले ४, प्रोटीन गुणिले ४, फॅट गुणिले ९. बेरीज कॅलरीच्या जवळपास यायला हवी. येत नसेल तर ती नोंद कचरा आहे.

तांबडा_रस्सा

व्हिस्कीची बेरीज येत नाही. कार्ब शून्य, फॅट शून्य, प्रोटीन शून्य.

पथ्यपाणी

@तांबडा_रस्सा कारण अल्कोहोल या तिघांत बसत नाही, त्याच्या ग्रॅमला ७ कॅलरी वेगळ्या. ६० मिलीच्या पेगला साधारण १४०. सोबतचा चखणा वेगळा, आणि तो बहुतेक वेळा पेगपेक्षा जास्त असतो.

दूरदेशी

जर्मनीतून लिहितोय. प्रोटीनवरून आठवलं, आपल्या शाकाहारी लोकांच्या डायरीत कॅलरी कमी लिहिली जाते आणि प्रोटीन जास्त. 'एक वाटी वरण १२ ग्रॅम प्रोटीन' असं सर्रास दिसतं, वर खटपट्यांनी तोलून साडेसहा काढलंय. शेंगदाण्यांचंही तसंच, 'प्रोटीनसाठी मूठभर दाणे' म्हणतात. ३० ग्रॅम दाण्यांत साडेसात ग्रॅम प्रोटीन आणि १७० कॅलरी, त्यातल्या बहुतेक फॅटच्या. खाऊ नका असं म्हणत नाहीये, मी रोज खातो, पण फॅटच्या रकान्यात लिहा की.

आणि कमी लिहिणं हा काही आपल्याच लोकांचा दोष नाही. १९९२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक गाजलेला अभ्यास आला होता. बाराशेच्या खाली खातो तरी वजन उतरत नाही असं सांगणारी माणसं घेतली आणि त्यांनी प्रत्यक्षात किती ऊर्जा खर्च केली ते खास समस्थानिकांचं पाणी देऊन मोजलं. मुख्य गट लहानच होता, १० जणांचा. खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितलेलं निघालं आणि व्यायाम ५१ टक्क्यांनी जास्त. चयापचय अगदी ठीक होता. आणि ही माणसं लबाड नव्हती, त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. म्हणून मला 'मी प्रामाणिक आहे' या वाक्यापेक्षा काटा जास्त भरवशाचा वाटतो.

रानजाई

जरा वेगळ्या बाजूने लिहिते. माझ्या मुलीला टाइप वन डायबेटीस आहे, ती सातवीत आहे. आमच्याकडे डायरी हा वजनाचा विषयच नाही. ती जेवायला बसायच्या आधी पानातले कार्ब मोजायचे आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणात इन्सुलिन घ्यायचं. २५ ग्रॅम कणकेच्या पोळीत साधारण १७ ग्रॅम कार्ब, भात शिजलेला तोलून, आमटीतला गूळसुद्धा. कमी मोजलं तर शुगर चढते, जास्त मोजलं तर इन्सुलिन जास्त होऊन शुगर एकदम खाली येते, आणि ते जास्त भीतीचं असतं. त्यामुळे 'थोडं जास्तच लिहून ठेवू, सेफ राहील' हेही आमच्याकडे चालत नाही. जेवढं आहे तेवढंच लिहायचं.

मागच्या वर्षी तिची शुगर शाळेतून आल्यावर वरचेवर वाढलेली असायची आणि डबा तर मोजून दिलेला. डायरीत काही सापडेना. मग एका रात्री तीच रडत म्हणाली की वर्गात वाढदिवसाचं चॉकलेट मिळतं ते खाते पण लिहीत नाही, कारण लिहिलं की घरात आजोबा वाचतात आणि "परत खाल्लंस का?" म्हणून ओरडतात. त्या दिवसापासून आमच्या घरात नियम केला, डायरीत लिहिलेल्या गोष्टीवरून कुणीही, अगदी कुणीही, तिला बोलायचं नाही. चॉकलेट खाल्लं तर खाल्लं, लिही आणि इन्सुलिन घे. आता ती वहीत "केक, बोटभर क्रीमसकट" असंसुद्धा लिहिते आणि अंदाज माझ्यापेक्षा चांगला करते.

सांजवेळ, तुमची डायरी कोण कोण वाचतं ते बघा. वाचणारा रागावणारा असेल तर काटा कितीही चांगला असला तरी नोंद खरी राहत नाही.

मीठभाकर

रानजाई ताई, हे वाचून थांबलो. आमच्या जिममध्ये एक पद्धत आहे, ग्रुपवर सगळ्यांनी जेवणाचे फोटो टाकायचे आणि चुकलेल्याला सगळे मिळून चिडवायचे. मी हे उद्याच बंद करतो. फोटो मला एकट्याला पाठवा म्हणून सांगतो.

बाळूकाका

रानजाई, तुझ्या लेकीला माझा आशीर्वाद सांग. तिच्यासाठी काटा लागतो हे मान्य. माझं म्हणणं धडधाकट माणसांपुरतं होतं आणि ते अजून तसंच आहे.

निनावी_वाचक

मला इथे थोडं बाळूकाकांच्या बाजूने लिहायचंय, कारण वेगळं आहे. मी कॉलेजात असताना असंच प्रामाणिक लिहीत होते, ग्रॅमवर. मग लिहिता न येणारं खाणंच टाळायला लागले. लग्नाला गेले तर जेवायची नाही, मैत्रिणीच्या आईने केलेली उसळ खायची नाही कारण तेल माहीत नाही. पाळी बंद झाली, केस गळायला लागले, शेवटी समुपदेशकाकडे जावं लागलं. माझ्या डायरीतला आकडा न् आकडा खरा होता. म्हणून ज्यांना एखादी नोंद राहिली की घाबरल्यासारखं होतं त्यांनी कृपा करून थांबा आणि कुणाशी तरी बोला.

पथ्यपाणी

@निनावी_वाचक तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत. ज्यांना खाण्याशी संबंधित आजार आहे किंवा होऊन गेलाय त्यांना मी कॅलरीची डायरी देतच नाही, पोटभर-अर्धपोट एवढंच लिहायला सांगते. बाकीच्यांनाही मी कायमची डायरी सांगत नाही. काही आठवडे नीट तोलून लिहिलं की डोळा तयार होतो, मग अधूनमधून पडताळा पुरतो.

गोंयकार

आमच्या हुमणाचं काय करू ते सांगा कुणीतरी. नारळ वाटून रस काढतो, चोथा टाकून देतो. अख्ख्या नारळाचे लिहायचे का?

खटपट्या

@गोंयकार ओल्या खोबऱ्यात शंभराला साधारण ३५० कॅलरी, तेहेतीसेक ग्रॅम फॅट. पिळून काढलं तरी फॅट सगळं रसात येत नाही, बरंच चोथ्यात राहतं, पण किती ते पिळणाऱ्याच्या हातावर. सोपा मार्ग म्हणजे रस तोलायचा आणि नारळाच्या दुधाची नोंद लावायची, आपला रस दाट की पातळ ते बघून. वाटण न गाळता घातलं असेल तर मात्र अख्खं खोबरं लिहा.

गोंयकार

देव बरें करूं. बायको आगळाची सोलकढी पण करते, तिथेही हाच हिशोब लावतो. बांगडा मात्र मी तव्यावर रवा लावून भाजतो आणि तेल पिणारा तो रवा असतो, मासा नव्हे.

सांजवेळ

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! रानजाई, तुमची पोस्ट सासूबाईंना वाचून दाखवली. आतापर्यंत त्यांना वाटत होतं की मी काटा आणला म्हणजे त्यांच्या स्वयंपाकाची परीक्षा घेतेय. आता म्हणाल्या, डाळ-तांदूळ मी तोलून ठेवीन पण फोडणी घालताना मला चमच्याने मोजायला सांगू नकोस, हात चालत नाही. मग तेलाचं काय?

मीठभाकर

त्यांना मोजायला लावूच नका, तेलाचं भांडं तोला. स्वयंपाकाच्या आधी भांडं काट्यावर, झाल्यावर परत काट्यावर, फरक तो वापर. त्यांनी धार धरू दे नाहीतर पळीने घालू दे.

आणि महिन्याचा पडताळा. तुम्ही पाच जण, समजा ४ लिटर तेल लागतं. एका लिटरच्या साधारण ८२०० कॅलरी. चार लिटरच्या ३२,८००, भागिले ५ माणसं, भागिले ३० दिवस, आले माणशी रोजचे २२० च्या आसपास. आता तुमच्या डायरीत तेलाची रोजची सरासरी ७०-८० दिसत असेल तर उरलेलं तेल कुणीतरी खाल्लंय आणि लिहिलेलं नाहीये. मी हा हिशोब प्रत्येकाला पहिल्या महिन्यात करायला लावतो. तुपाचा डबा वेगळा धरा.

दूरदेशी

हे जबरदस्त आहे. किराणा बिलावरून डायरी तपासायची! साखरेलाही चालेल. आणि पाकिटाबद्दल एक राहिलं, मागे जे छापतात त्यात १०० ग्रॅमचा रकाना बघा आणि खाल्लेलं तोला. 'एका सर्व्हिंगला' वाला रकाना छोटा आकडा दाखवतो कारण सर्व्हिंग त्यांनी ठरवलेलं असतं.

तांबडा_रस्सा

आणि एकादशीचं काय? आमच्या घरी त्या दिवशी डायरीत फक्त 'उपवास' लिहितात.

पथ्यपाणी

लिहा बरं: साबुदाणा कोरडा ७५ ग्रॅम २६०, दाण्याचं कूट ३० ग्रॅम १७०, तूप दोन छोटे चमचे ९०, अर्धा बटाटा ४०. झाले ५६०, आणि प्रोटीन जे काही आहे ते दाण्याचं, साबुदाण्यात जवळजवळ नाहीच. श्रद्धेने उपवास करा, पण खिचडी खिचडी म्हणूनच लिहा. भगर आणि दाण्याची आमटी केलीत तर वाटी आटोक्यात राहते असा माझा अनुभव.

बाळूकाका

तेल ४ लिटरवालं गणित मी घरी केलं. आम्ही दोघंच आणि तीन लिटर लागतंय. हिला सांगितलं नाहीये अजून. हे एवढं बरोबर आहे का रे मीठभाकर?

मीठभाकर

काका, तीन लिटर दोघांत म्हणजे माणशी ५० मिली रोज, चारशेच्या वर कॅलरी. पण आधी हे बघा की त्यात पाहुणे किती जेवले, लोणच्याला किती गेलं, आणि तळणीचं उरलेलं टाकलं का. ते वजा करून मग बोला.

सांजवेळ

आजपासून तेलाचं भांडं काट्यावर. सासूबाईंना हे पसंत पडलं, म्हणाल्या, मला माझं काम करू दे आणि तू तुझं भांडं तोल. डायरी फक्त मी आणि आहारतज्ज्ञ बघणार असंही ठरवलं. रविवारी बटाटेवडे आहेत. तळणीला भांड्याचाच हिशोब चालेल का? कढईत तर अर्धा लिटर तेल असतं.

खटपट्या

चालेल, फक्त तळणीच्या तेलाचा. कढईसकट तेल आधी तोला, तळून झाल्यावर पूर्ण गार होऊ द्या, मग परत कढईसकट तोला. गरम कढई काट्यावर ठेवू नका, काटा जाईल आणि हातही भाजेल. वडे निथळायला ठेवलेल्या कागदात उतरतं ते थोडं असतं, सोडून द्या. फरक भागिले वड्यांची संख्या. आणि चुरा खाणाऱ्यांनी तोही लिहायचा, पिठाचा सगळ्यात तेलकट भाग तोच.